आभाळाच्या नोंदी : अवकाश संशोधनातला आपला वाटा

(अंथुर्णे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 या व्याख्यानाचा विषय कळवताना संयोजकांनी एक प्रश्नही कळवला होता : ‘आमच्या गावातल्या माणसाचा या सगळ्याशी काय संबंध?’ त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

संबंध आहे, आणि तो शेजारीच आहे. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून झेपावलं, तेव्हा त्याला नेणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही अंगांना एस-२०० नावाचे दोन मोठे घन इंधनाचे बूस्टर होते. एकेकाचा व्यास ३.२ मीटर, आणि एकेकात सुमारे २०० टन इंधन. या बूस्टरचं पोलादी कवच तीन खंडांत बनतं. तसे खंड बनवून, आत दाब भरून, तपासून देण्याचं काम आपल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात झालं आहे. या सभेत बसलेल्या काहींच्या घरातली माणसं त्या कारखान्यात पाळीला जातात. म्हणजे या पट्ट्यातले हात अवकाशापर्यंत कधीच पोहोचले आहेत.

आज मला बोलायचं आहे ते डोळ्यांबद्दल आणि वहीबद्दल. रॉकेटचा भाग बनवायला कारखाना लागतो, वेल्डिंगचं कसब लागतं, वर्षानुवर्षांची शिस्त लागते. अवकाश संशोधनातलं दुसरं जे काम आहे, आकाश पाहून त्याची नोंद ठेवण्याचं, त्याला यातलं फारसं काही लागत नाही. तरीही ते काम आपल्याकडे फार थोडी माणसं करतात. असं का, आणि ते काम अंथुर्ण्यात बसून कसं करता येईल, एवढंच मला सांगायचं आहे.

थोडं मागे जाऊ. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि देश ओलांडून ईशान्येकडे गेला. आपल्यापासून भीमेच्या पलीकडे, करमाळा तालुक्यातलं जेऊर स्टेशन या पट्ट्यात येत होतं. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल महाकाय कॅमेरे घेऊन उतरले. पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन तिथेच आले. नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवत असत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली तिथे उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याच ताब्यात होती. सूर्य जेमतेम दोन मिनिटं झाकला गेला. त्या दोन मिनिटांसाठी एक माणूस कॅलिफोर्नियाहून समुद्र ओलांडून जेऊरच्या माळावर आला होता. जेऊरच्या कामाचा नायगमवालांनी सविस्तर अहवाल लिहिला. आपल्या मुलांना जेऊर माहीत असतं ते रेल्वे स्टेशन म्हणून. खगोलशास्त्राच्या इतिहासात त्या गावाचं नाव या ग्रहणामुळे छापलं गेलं आहे, हेही त्यांना सांगायला हवं.

त्याच दिवशी तिकडे कोकणात, विजयदुर्गावर, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. विजयदुर्गाची गोष्ट आपल्याकडे वेगळीच सांगितली जाते. हेलियम हे मूलद्रव्य तिथे सापडलं, असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं. ते खरं नाही. हेलियमच्या शोधाशी जोडलेलं १८६८ च्या ऑगस्टमधलं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूरला पाहिलं, आणि लॉकियर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सूर्याच्या प्रकाशाचं जे निरीक्षण केलं ते इंग्लंडमध्ये. ते विजयदुर्गाला आले त्यानंतर ३० वर्षांनी. पण खरी गोष्ट मला दंतकथेपेक्षा मोलाची वाटते. लॉकियर यांना थोड्या वेळात खूप निरीक्षणं हवी होती आणि शास्त्रज्ञ मूठभर होते. म्हणून त्यांनी ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी कामाला घेतले. तुकड्या पाडल्या, प्रत्येक तुकडीला एकच काम दिलं, आणि ग्रहणाआधी रोज तालमी घेतल्या. कोणी वेळ मोजायची, कोणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचं चित्र काढायचं, कोणी उपकरणं हाताळायची. लॉकियर यांनी नंतर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यावर त्या बोटीच्या कप्तानाचं नाव सहलेखक म्हणून आहे.

सामान्य माणसाला संशोधनात घेण्याची ही रीत, म्हणजे नागरिक-विज्ञान, परदेशात आज फार गाजते. ती आपल्या किनाऱ्यावर १२५ वर्षांहून अधिक काळापूर्वी वापरली गेली होती. आणि तिचं मर्म तेव्हाही तेच होतं : काम छोटं करा, नेमकं करा, आणि ते करणाऱ्याला आधी शिकवा. खलाशाला सूर्याचं भौतिकशास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याने नेमून दिलेली गोष्ट नीट पाहायची होती आणि जे दिसलं तेच लिहायचं होतं.

‘जे दिसलं तेच’ यावर मी भर देतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आकाश पाहणं आणि आकाशाची नोंद करणं यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, दुर्बिणीतून शनीची कडी पाहायला रांगा लागतात. त्याचा आनंद मोठा आहे आणि तो मुलांना मिळालाच पाहिजे. पण शनी पाहून मूल घरी गेलं आणि त्याने काहीच लिहिलं नाही, तर संशोधनात भर पडत नाही. दिवस, वेळ, ठिकाण, काय दिसलं, कसं दिसलं, आकाश किती स्वच्छ होतं, हे लिहिलं की ती नोंद होते. जगात कुठेही बसलेला दुसरा माणूस ती वापरू शकतो. माझ्या लेखी सहभाग याचा अर्थ एवढाच.

यासाठी शिक्षण किती लागतं? बंगालमध्ये जेसोरजवळच्या खेड्यात राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ होते. जन्म १८७८ चा. प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झाले आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखायच्या नोकरीला लागले. दिवसा नाणी, रात्री तारे. १९१८ साली गरुड तारकासमूहात एक नवा तारा अचानक झळकला, तो त्यांनी पाहिला आणि त्याची पद्धतशीर नोंद ठेवली. पुढे रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. रूपविकारी तारे म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं असे तारे. त्यांच्या तेजाची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं चंद्रबाबूंनी त्या संघटनेला पाठवली. त्यांचं काम पाहून संघटनेने सहा इंची दुर्बीण बोटीने त्यांच्याकडे पाठवून दिली. ते निवृत्त झाले, फाळणीत गाव सुटलं, तरी काम सुटलं नाही. त्यांची निरीक्षणं त्या संघटनेच्या संग्रहात आहेत. परीक्षेत नापास झालेल्या माणसाची निरीक्षणं! मार्कांच्या धास्तीने मुलांचे चेहरे उतरलेले मी पाहतो तेव्हा मला चंद्रबाबू आठवतात.

आता वयाचं पाहू. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिक नावाचा मुलगा होता. त्याला ऐकू येत नसे. ययाती तारकासमूहातला अल्गोल नावाचा तारा ठरावीक काळाने मंद होतो, हे त्याने १७८२ च्या हिवाळ्यात खिडकीतून पाहून टिपायला सुरुवात केली. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. नुसत्या डोळ्यांनी निरीक्षणं करून त्याने तो काळ काढला : २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांच्या आसपास. एखादी अंधारी वस्तू त्या ताऱ्यासमोरून जात असावी, अशी कल्पनाही त्याने मांडली. ती पुढे खरी ठरली. तो २१ व्या वर्षी गेला. मित्रांनो, तो अल्गोल आजही तसाच मिटतो आणि उघडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संध्याकाळनंतर तुमच्या गच्चीवरून तो दिसतो. गुडरिकने जे केलं ते तुम्ही दुर्बिणीशिवाय पुन्हा करू शकता आणि आपलं उत्तर त्याच्या उत्तराशी ताडून पाहू शकता. दहावीच्या पुस्तकातला कोणताही प्रयोग मला इतका अस्सल वाटत नाही.

हे झालं उघड्या आकाशाखालचं काम. आता मोबाईलच्या पडद्यावरच्या कामाकडे येऊ.

दुर्बिणी आता इतके फोटो काढतात की ते पाहायला शास्त्रज्ञ पुरत नाहीत. २००७ च्या जुलैमध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींनी ‘गॅलक्सी झू’ नावाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे ९ लाख दीर्घिकांची चित्रं त्यांनी लोकांपुढे ठेवली आणि एक साधा प्रश्न विचारला : ही दीर्घिका गोल आहे की चक्राकार? पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख लोकांनी ५ कोटी उत्तरं दिली. त्यात हॅनी फान आर्केल नावाची एक डच शाळाशिक्षिका होती. एका दीर्घिकेजवळ तिला विचित्र रंगाचा एक ढग दिसला. तो कशात बसेना, म्हणून तिने विचारलं, ‘हे काय आहे?’ तो होता प्रचंड वायूचा ढग. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराच्या परिसरातून पूर्वी निघालेल्या प्रकाशाने तो उजळला होता. ते केंद्र आता शांत झालं आहे, पण त्याचा जुना उजेड ढगावर शिल्लक आहे. संगणकाने तो ढग वगळून टाकला असता. बाईंनी वगळला नाही, कारण समजलं नाही तर विचारायचं, ही शिक्षकाची सवय त्यांना होती.

याच जातीचं, पण त्याहून खोल काम आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दुर्बिणीच्या आधारावर चालतं. त्याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या कॉलेजच्या मुलांना ते माहीत नसतं.

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी आहे. ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना मांडली. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च परवडलाच नसता. त्यांनी पोलादी दोरांवर तारेची बारीक जाळी ताणली. त्यामुळे वजन घटलं, वाऱ्याचा जोर घटला आणि खर्चही. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी भिंतीसारखीच अडवते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला लोकांसाठी दारं उघडतात. शाळांचे विज्ञान प्रयोग मांडले जातात, एसटीने आणि ट्रॅक्टरने माणसं येतात. अंथुर्ण्याहून एकदा तरी गाडी जायला हवी.

या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दृश्य आकाश टिपून ठेवलं आणि ती माहिती सर्वांसाठी खुली केली. डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली ‘रॅड ॲट होम’ नावाचा नागरिक-विज्ञान उपक्रम सुरू केला, तो अशाच खुल्या माहितीच्या बळावर. विज्ञान किंवा अभियांत्रिकीचं पदवी शिक्षण असलेला कोणीही त्यात येऊ शकतो. त्याला इंटरनेटवरून शिकवलं जातं. दीर्घिकेचा साध्या प्रकाशातला फोटो आणि रेडिओ नकाशा एकमेकांवर ठेवायचे, आणि दीर्घिकेतून बाहेर फेकलेले रेडिओ झोत कोणाचे, कुठे जातात, कशावर आदळतात, ते पाहायचं. काम डोळ्यांचं आहे आणि विचारांचंही. इथे ‘गोल की चक्राकार’ एवढ्यावर भागत नाही. काय घडत असावं याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो इतरांपुढे टिकवावा लागतो.

या उपक्रमातून काय निघालं? २०२२ साली आरएडी-१२ नावाच्या दीर्घिकेवर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या या दीर्घिकेच्या कृष्णविवरातून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळताना दिसतो. एरवी असे झोत दोन्ही बाजूंना जोडीने दिसतात. इथे एकाच बाजूचा दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच गटाने त्याहून विलक्षण गोष्ट जाहीर केली. ‘विचित्र रेडिओ वर्तुळ’ म्हणून ओळखली जाणारी फिकट कडी आकाशात २०१९ पासून सापडू लागली होती. तशी एक, पण एकमेकींना छेदणाऱ्या दोन कड्यांची, या लोकांना सापडली. तोवर माहीत असलेल्या अशा वर्तुळांत ती सर्वांत दूरची. तिच्याकडून निघालेल्या लहरी आपल्यापर्यंत यायला साधारण साडेसातशे कोटी वर्षं लागली. नागरिक-विज्ञानातून सापडलेलं हे पहिलंच विचित्र रेडिओ वर्तुळ. त्यासाठी वापरलेली माहिती युरोपातल्या लोफार दुर्बिणीची होती. डोळे तयार झाले होते ते इथल्या शिक्षणातून.

आपल्या भागातली किती मुलं बीएस्सी करतात आणि मग ‘पुढे काय’ म्हणून घरी बसतात किंवा मिळेल ते काम धरतात! त्यांनी नोकरी धरावीच. पण आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांना या कामाला देता येईल, हे त्यांना कोणी सांगतच नाही. पदवी घेऊन विज्ञान सोडून देणारी मुलं हा मला आपल्या समाजाचा मोठा तोटा वाटतो.

एकट्याने काम करणाऱ्याचंही उदाहरण देतो. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. नासाच्या यानाने त्या भागाचे फोटो काढून खुले केले. चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी घरच्या संगणकावर आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून, कणाकणाने पाहून एक ठिपका वेगळा काढला. डिसेंबरमध्ये नासाने त्याची खात्री केली आणि शोधाचं श्रेय त्यांना दिलं. आपल्या इस्रोनेही चंद्रयानांची आणि मंगळयानाची माहिती अभ्यासासाठी खुली ठेवलेली आहे. ती पाहायला नोंदणी लागते, ओळख लागत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. ‘अमुक शाळेच्या विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ अशा बातम्या तुम्ही वाचता. यामागे खरा आणि चांगला उपक्रम आहे. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो एका आंतरराष्ट्रीय मोहिमेतून शाळांना मोफत मिळतात, आणि मुलं त्यांत सरकणारे ठिपके शोधतात. पण तिथे जे सापडतं ती बहुतेक वेळा प्राथमिक नोंद असते. तिची कक्षा पक्की व्हायला, तिला क्रमांक मिळायला वर्षं जातात, आणि पुष्कळ ठिपके आधीच माहीत असलेले निघतात. बातमीत हे येत नाही. मुलाला हारतुरे मिळतात आणि पुढे त्याच्या ठिपक्याचं काय झालं हे त्याला कोणी सांगत नाही. मुलाला खरं सांगा : तू एक निरीक्षण दिलंस, ते मोजमापात जमा झालं, आणि त्याच्या जोरावर पुढचा कोणी त्या दगडाची वाट काढेल. हे कमी आहे का? मला तर हेच मोठं वाटतं.

आणि पालकांना विनंती. अवकाशाच्या नावाने पैसे घेऊन प्रमाणपत्रं देणारे, ताऱ्याला तुमच्या मुलीचं नाव देतो म्हणणारे लोक गावोगाव फिरतात. ताऱ्यांची नावं विकत मिळत नाहीत. विकत घेतलेलं नाव कोणत्याही खगोलशास्त्रज्ञाच्या यादीत जात नाही. आज मी ज्या उपक्रमांची नावं घेतली त्यांत भाग घ्यायला पैसे पडत नाहीत. फी मागितली की थांबा आणि विचारा : आमच्या मुलाने केलेलं मोजमाप कुठे जाणार, कोण वापरणार? नीट उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

उपग्रह बनवण्याबद्दल थोडक्यात. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ ने तो कक्षेत सोडला. नायगमवाला ज्या कॉलेजात शिकवत होते त्याचंच हे आजचं रूप. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. ‘स्वयम्’ला मुलांच्या एका पिढीकडून दुसरीकडे जात आठेक वर्षं लागली. ज्यांनी सुरुवात केली ते पास होऊन गेले आणि काम पुढच्यांनी उचललं. त्यातली ही चिकाटी मला उड्डाणाइतकीच मोठी वाटते. शाळेच्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ हा उपक्रम २०१९ पासून आहे. नववीच्या वर्गासाठी आहे, आणि ग्रामीण भागातल्या शाळांना निवडीत जास्त गुण मिळतात. मुख्याध्यापकांनी त्याच्या तारखा नोटीस फळ्यावर लावाव्यात, एवढीच अपेक्षा.

आता अंथुर्ण्याकडे परत येतो. तुमच्याकडे असं काय आहे जे पुण्याकडे नाही?

पहिलं म्हणजे जागी माणसं. उसाला पाणी द्यायला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. बारा वाजता मोटर सुरू करून पहाटेपर्यंत दारं धरणारा शेतकरी जितकं आकाश पाहतो, तितकं मोठ्या वेधशाळेतला माणूसही डोळ्यांनी पाहत नाही. रात्रीची लाईट हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, साप-विंचवाचा धोका आहे, आणि ती दिवसा मिळावी यासाठी जे भांडतात त्यांच्या बाजूने मी आहे. पण आज तुम्ही बांधावर उभे आहात, हे खरं आहे. आकाशातून मोठा जळता गोळा गेला, तर तो पाहणारा माणूस बहुधा तुमच्यातलाच असेल.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात अशनी पडले. तिथल्या लोकांनी तुकडे उचलले, दिले, जागा दाखवल्या, म्हणून त्यांचा अभ्यास झाला. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं पुढे सांगितलं गेलं. अशा वेळी काय लिहायचं, ते आताच शिकून ठेवा. मोबाईलमधली वेळ, सेकंदासकट. कुठून कुठे गेला, ते खुणेच्या वस्तूवरून : पाण्याच्या टाकीच्या डावीकडून, कारखान्याच्या धुराड्याच्या वरून. उंची मुठीने मोजा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश होते. आवाज आला का, दिसल्यानंतर किती वेळाने आला. तीन गावांतून अशा तीन नोंदी मिळाल्या, तर तो दगड कुठे पडला याचा पट्टा कागदावर काढता येतो. आणि काही पडलेलं सापडलंच, तर त्याला हात लावायच्या आधी तहसीलदार किंवा पोलीस पाटलांना कळवा, कारण रॉकेटच्या तुकड्यात विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

दुसरं, तुमच्याकडे अजून अंधार आहे. तो झपाट्याने चालला आहे. चौकाचौकांत हायमास्ट उभे राहिले, एलईडी आले, आणि त्यांचा बराच उजेड वर जातो, जिथे कोणी राहत नाही. दिव्याला वरून टोपी घातली आणि उजेड खाली वळवला तर रस्ता जास्त उजळतो आणि आकाशही राहतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तिथल्या गावांतले दिवे असेच बदलले गेले. ग्रामपंचायतीने पुढच्या वेळी दिवे घेताना एवढं पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि अंधार किती उरला आहे, हे मोजणंही संशोधनच आहे. ‘ग्लोब ॲट नाईट’ नावाची मोहीम २००६ पासून जगभर चालते. चंद्र नसलेल्या रात्री मृग नक्षत्राकडे पाहायचं, त्यात कितपत मंद तारे दिसतात ते दिलेल्या चित्रांशी ताडायचं आणि कळवायचं. काम पाच-दहा मिनिटांचं आहे. एकाच गच्चीवरून दरवर्षी केलं, तर आपल्या गावाच्या आकाशाचा इतिहास तयार होईल. मुलींना रात्री मैदानावर पाठवायला घरचे कचरतात, हे मला माहीत आहे. हे काम गच्चीवरून, आजीला शेजारी बसवून होतं. मुलींनीच ते हाती घ्यावं.

दिवसा करण्यासारखंही काम आहे. आपण साधारण १८.१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटी असा एकेक दिवस येतो, जेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच दिवशी जळगावच्या एखाद्या शाळेने एक मीटर उंचीची काठी उभी करून दुपारची सर्वांत लहान सावली मोजावी. ती ५ सेंटीमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे कोन सुमारे २.९ अंश. दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर नकाशावर मोजा, ते ३२० किलोमीटरच्या आसपास येईल. २.९ अंशांना ३२०, तर ३६० अंशांना किती? पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर येतो. सातवीच्या त्रैराशिकात पृथ्वी मोजून होते. अडचण एवढीच की मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि जुलैअखेर ढग असतात. पण आपला तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस आपल्याला नेहमीच हुलकावणी देतो. ज्या दिवशी आभाळ कोरडं राहील, त्या दिवशी निदान सावली तरी मोजून घ्या. जळगावकडची शाळा शोधून द्यायचं काम मी अंगावर घेतो.

आणि पहिलं काम डिसेंबरात करू. १३ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव असतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे सोडलेली धूळ पृथ्वीच्या वातावरणात शिरते आणि अंधाऱ्या आकाशात तासाला शंभराच्या आसपास उल्का दिसू शकतात. रात्री दहापासून पहाटेपर्यंत चार-चार जणांच्या तुकड्या करा. गोधडी अंथरून आडवे पडा. प्रत्येकाने आपापली मोजणी करायची, एकमेकांचं ऐकून आकडा वाढवायचा नाही. दर १५ मिनिटांनी आकडा लिहायचा. उल्केची रेघ मागे वाढवून मिथुनेकडे जाते का ते पाहायचं. जाते ती एका रकान्यात, जात नाही ती दुसऱ्या. ढग किती, सर्वांत मंद तारा कोणता दिसला, चंद्र होता का, तेही लिहायचं. एकही दिसली नाही, तर शून्य लिहायचं. तो शून्यही तितकाच कामाचा असतो, रकाना रिकामा ठेवू नका. या नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे पाठवता येतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना घेऊन काम करते आहे. पहिल्या वर्षी तपासायला आणि शिकवायला अशा जाणत्या मंडळींची मदत घ्यावी. रकाने आखलेले कोरे तक्ते मी सोबत आणले आहेत. ते शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे देऊन ठेवतो. नाव नोंदवणाऱ्यांनी सभा संपल्यावर त्यांच्याकडे यावं. दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्यांनीही एकेक तक्ता न्यावा, त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतला वेगळा केला आहे.